कानामागून रेकॉर्ड : जॅझ आणि जगभरचं संगीत ऐकायला लागणाऱ्यांसाठी

नवं टर्नटेबल घरी आलं की हात शिवशिवायला लागतात. दिसेल ती रेकॉर्ड उचलली जाते, कपाट भरतं, आणि काही महिन्यांनी लक्षात येतं की निम्म्या रेकॉर्डची दुसरी बाजू अजून लावलेलीच नाही. जॅझ आणि इथिओपिया, क्यूबा, मालीकडचं संगीत यांच्या बाबतीत तर हे हमखास होतं, कारण धरून ठेवायला ओळखीचे शब्द नसतात आणि चाल कधी कानावरून गेलेली नसते. म्हणून इथे आधी ऐकण्याबद्दल लिहितो, खरेदीचं मागाहून. खरेदी कानामागूनच यावी. फक्त ती तिखट होऊ देऊ नये.

१. यंत्राचं थोडक्यात

सुटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर टाळा. त्यांची सुई खोबणीवर गरजेपेक्षा जास्त भार टाकते आणि तो कमी करायची सोय बहुधा नसते. ज्याच्या आर्मला मागे फिरवता येणारं वजन आहे आणि ज्याची कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला छोटा भाग, बदलता येते असं साधं टर्नटेबल घ्या. बहुतेक साध्या कार्ट्रिजना दीड ते दोन ग्रॅम भार पुरतो. नेमका आकडा तिच्यासोबतच्या कागदावर असतो. दुसरी गरज फोनो प्रीअ‍ॅम्पची. रेकॉर्ड कापताना, म्हणजे तिच्यावर खोबणी कोरताना, खर्जाचा आवाज मुद्दाम दाबतात आणि वरच्या पट्टीचा वाढवतात, नाहीतर खोबणी फार रुंद होईल. प्रीअ‍ॅम्प ते उलटं फिरवून मूळ तोल परत आणतो. तो नसेल तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो आणि लोक उगाच रेकॉर्डला दोष देतात.

आजोबांच्या ट्रंकेत नाट्यसंगीताच्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, तबकड्या असतील तर त्या एलपीच्या सुईनं वाजवू नका. त्यांची खोबणी रुंद असते. बारीक सुई तळाशी घासत जाते आणि निव्वळ खरखर ऐकू येते. त्यासाठी वेगळी, जाड टोकाची सुई मिळते.

२. एका बैठकीला एक बाजू

३३⅓ फेऱ्यांची एलपी १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं आणली. एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं. तिच्या आधी तीन-साडेतीन मिनिटांत सगळं आटपावं लागे. आपल्याकडच्या गवयांनीही तेवढ्यात ख्याल बसवले. एलपी आल्यावर वादकांना पसरायला जागा मिळाली आणि रेकॉर्डची बाजू हेच एक माप झालं. सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनचं 'अ लव्ह सुप्रीम' बघा. ९ डिसेंबर १९६४ ला एकाच बैठकीत ध्वनिमुद्रित झालेलं, चार भागांचं, दोन भाग या बाजूला आणि दोन त्या. मध्ये उठून रेकॉर्ड उलटायला लागणारा तो अर्धा मिनिट त्या संगीताला मानवतो, असं माझं मत आहे. नायजेरियाच्या फेला कुटीच्या कितीतरी रेकॉर्डवर तर एक बाजू म्हणजे एकच गाणं, आणि गायला तोंड उघडण्याआधी तो निवांत आठ-दहा मिनिटं काढतो.

तेव्हा सवय अशी लावा: दिवसाला एक बाजू, फोन दुसऱ्या खोलीत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच बाजू. नवी रेकॉर्ड आठवडाभर टर्नटेबलवरून हलली नाही तरी बिघडत नाही. जॅझ हे हॉटेलातलं मागे वाजणारं संगीत आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी बहुतेक वेळा ते हॉटेलातच ऐकलेलं असतं.

३. पहिली रेकॉर्ड, बोटांवर मोजून

पहिली रेकॉर्ड कोणती, यावर जाणकार रात्रभर भांडतील. मी सरळ माइल्स डेव्हिसचं 'काइंड ऑफ ब्लू' म्हणतो. सगळे तेच सांगतात म्हणून नव्हे; हिंदुस्थानी संगीत कानात असलेल्या माणसाला यात शिरायला दार मोठं आहे म्हणून. मार्च आणि एप्रिल १९५९ मध्ये, न्यू यॉर्कच्या ३० व्या रस्त्यावरच्या कोलंबियाच्या स्टुडिओत, दोन दिवसांच्या बैठकांत ते झालं.

पहिलीच धून घ्या, 'सो व्हॉट'. सुरुवातीला पियानो आणि बास (खर्जाचं मोठं तंतुवाद्य) तालाबाहेर, अंदाज घेत असल्यासारखे. मग बास धून म्हणतो आणि त्याच्या प्रत्येक तुकड्याला बाकीचे दोन सुरांचं उत्तर देतात. इथून मोजायला लागा. चार मात्रांचा एक खंड, आठ खंडांची एक ओळ, आणि चार ओळींचं एक आवर्तन. पहिली, दुसरी आणि चौथी ओळ एका जागी. तिसरी अर्ध्या सुरानं वर. स्वर काफी थाटाचे. म्हणजे काफीचा षड्ज दोन ओळी स्थिर राहतो, तिसरीला अर्धा सूर वर सरकतो आणि चौथीला परत खाली येतो. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला हे सरकणं पहिल्या फटक्यात कळतं.

नवख्यांना बहुतेक जॅझ निसरडा का वाटतो, त्याचं उत्तरही इथेच आहे. त्या काळच्या नेहमीच्या धुनांत सुरांचा आधार दर एक-दोन खंडांनी बदलत असे आणि वादक त्याच्या मागे पळत असे. माइल्सनं इथे तो सोळा-सोळा खंड एका जागी ठेवला, आणि वादकाला बढतीला वेळ मिळाला.

धून झाली की एकेकाची पाळी येते. आधी माइल्सची ट्रम्पेट, दोन आवर्तनं. मग कोल्ट्रेनचा टेनर सॅक्सोफोन दोन, कॅननबॉल अ‍ॅडर्लीचा आल्टो सॅक्सोफोन दोन, बिल एव्हान्सचा पियानो एक, आणि पुन्हा धून. हे आवर्तन आतून कधी सुटत नाही. वादक कितीही लांब गेला तरी बत्तीस खंड संपले की नवीन सुरू होतं. आपण समेची वाट बघतो तशी इथे तिसऱ्या ओळीची वाट बघा, बाकीचं आपोआप जागेवर पडतं.

पहिल्यांदा नुसतं मोजा. दुसऱ्यांदा सगळं सोडून पॉल चेंबर्सच्या बासमागे जा. तिसऱ्यांदा जिमी कॉबची झांज. माइल्सची पाळी सुरू होते त्या क्षणी तो ती एकदा जोरात मारतो आणि आवाज मागे रेंगाळत राहतो, ते ऐका. चौथ्यांदा काहीच ठरवू नका.

या रेकॉर्डची एक गंमत सुरात पक्के असणाऱ्यांसाठी. ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या बैठकीचं टेप यंत्र किंचित हळू चालत होतं, त्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही धुना रेकॉर्डवर मूळ सुरापेक्षा जराशा चढ्या लागतात. १९९२ च्या आवृत्तीपासून हे सुधारलं. जुनी प्रत लावून हार्मोनियमशी सूर जुळवायला गेलात आणि जमेना, तर दोष हार्मोनियमचा नाही.

४. कव्हरवरची बारीक नावं

पुढची रेकॉर्ड शोधायची ती 'सर्वोत्तम शंभर'च्या यादीतून नव्हे, हातातल्या कव्हरच्या मागच्या बाजूवरून. तिथे साथीदारांची नावं असतात. अ‍ॅडर्ली आवडला? त्याच्याच नावावरच्या १९५८ च्या 'समथिन एल्स'मध्ये माइल्स साथीला आहे, त्या काळात हे क्वचितच घडे. बिल एव्हान्स आवडला? त्यानं २५ जून १९६१ ला न्यू यॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये तिघांनिशी वाजवलेलं ऐका. स्कॉट लाफारोचा बास तिथे साथ करत नाही, बरोबरीनं बोलतो. पुढच्याच महिन्यात तो मोटार अपघातात गेला, पंचविशीत.

आणि एक नाव कव्हरवर कोपऱ्यात असतं, पण रेकॉर्डवरही कोरलेलं सापडतं. लेबल आणि शेवटची खोबणी यांच्यामधल्या मोकळ्या पट्टीवर टॉर्चचा तिरका उजेड टाका. आकडे-अक्षरं दिसतील. ब्लू नोट कंपनीच्या जुन्या प्रतींवर तिथे 'आरव्हीजी' किंवा 'व्हॅन गेल्डर' असेल. रूडी व्हॅन गेल्डर पेशानं चष्म्याचा डॉक्टर. न्यू जर्सीत हॅकेनसॅकला आईवडिलांच्या घराच्या बैठकीत तो ध्वनिमुद्रण करी आणि १९५९ मध्ये एंगलवुड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधून मग पूर्णवेळ यात पडला. 'अ लव्ह सुप्रीम' तिथलंच. हा शिक्का असला की ती प्रत कापताना मूळ माणसाचा हात लागला होता एवढं कळतं. 'एकशेऐंशी ग्रॅम' या स्टिकरवरून मात्र काहीच कळत नाही. जाड रेकॉर्ड म्हणजे चांगला आवाज नव्हे, पण दुकानदाराला ते सांगायला जाऊ नका.

५. कोल्ट्रेनवरून मुंबईपर्यंत

नावांचा माग काढत गेलात तर कोल्ट्रेन तुम्हाला फिरवून घरी आणतो. नोव्हेंबर १९६१ मध्ये त्यानं 'इंडिया' नावाची धून वाजवली: दोन बास, खाली एकच आधारस्वर धरलेला. रविशंकरांवर त्याचा जीव होता, मुलाचं नाव त्यानं रवी ठेवलं. बायको अ‍ॅलिस कोल्ट्रेनच्या १९७१ च्या 'जर्नी इन सच्चिदानंद'मध्ये तंबोरा आणि हार्प शेजारी-शेजारी आहेत. तिथून 'शक्ती' हा वादकांचा संच एका उडीवर: जॉन मॅक्लॉफ्लिनची गिटार, एल. शंकर यांचं व्हायोलिन, विक्कू विनायकराम यांचा घटम आणि माहीमचे झाकीर हुसेन. झाकीरभाईंच्या नावामागे गेलात की १९८७ चं 'मेकिंग म्युझिक' लागतं, त्यात हरिप्रसाद चौरसिया आणि नॉर्वेचा सॅक्सोफोनवाला यान गार्बारेक. तबला ओळखीचा असल्यानं या रेकॉर्डवर बाकीच्यांकडे लक्ष द्यायला मोकळीक मिळते.

पण मुंबईचा जॅझ याच्या खूप आधीचा. १९३० च्या दशकात अमेरिकेतले कृष्णवर्णीय वादक ताजमहाल हॉटेलात येऊन वाजवत, आणि त्यांच्या शेजारी उभे राहून गोव्याची पोरं शिकली. त्यांना नोटेशन आधीच वाचता येत होतं. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांतून गायन-वादन शिकवलं जाई. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ, हॉटेलात रात्री जॅझ वाजवत आणि सिनेमात सी. रामचंद्रांना साहाय्य करत. 'अलबेला'ची (१९५१) गाणी आता पुन्हा ऐका, गाणाऱ्यांकडे दुर्लक्ष करून, फक्त मागची ट्रम्पेट धरून. पुणतांब्याचे चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, आणि गोव्याचा ट्रम्पेटवाला मिळून काय करत होते ते तेव्हा कळतं.

रेकॉर्ड शोधायची तर शंकर-जयकिशन यांची 'रागा जॅझ स्टाइल' (१९६८). रईस खान यांची सतार, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ड्रम, आणि अकरा राग, तोडीपासून सुरुवात. शुद्धतावाद्यांना ती आवडत नाही. मला तिचा चटपटीतपणा आवडतो, पण सलग दोन्ही बाजू नको. ब्राझ गोन्साल्विस यांचा सॅक्सोफोन कुठे मिळाला तर सोडू नका.

६. जगभरचं, म्हणजे कुठलं?

दुकानातला 'वर्ल्ड म्युझिक' हा कप्पा विक्रीच्या सोयीसाठी आहे. १९८७ मध्ये लंडनच्या एका पबमध्ये काही छोट्या कंपन्यांच्या लोकांनी बसून ठरवलं की दुकानदाराला रेकॉर्ड कुठे लावायची ते कळावं म्हणून हे नाव वापरायचं. तुम्ही तसं ऐकू नका. एक देश घ्या आणि दोन-तीन महिने तिथेच राहा.

माझी शिफारस इथिओपिया. आदिस अबाबात १९६९ मध्ये 'आम्हा रेकॉर्ड्स' सुरू झाली आणि पुढची पाच-सहा वर्षं तिथून एकाहून एक तबकड्या निघाल्या. १९७४ मध्ये लष्कर सत्तेवर आलं, संचारबंदी लागली, रात्रीचं संगीत बसलं. त्यातलं पुष्कळ १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून 'एथिओपीक' या फ्रेंच मालिकेतून परत बाहेर आलं. चौथा खंड मुलातू अस्तात्केचा. तो लंडन आणि बोस्टनला शिकला, व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) वाजवतो, आणि इथिओपियाच्या स्वरावलींवर जॅझची मांडणी करतो.

या स्वरावली आपल्याला जवळच्या आहेत. मुख्य चार, सगळ्या पाच स्वरांच्या. तिझिता नावाची जी आहे तिच्या एका रूपाचे स्वर भूपाचे: सा रे ग प ध. बातीच्या एका रूपाचे धानीचे. अंबासेलचे स्वर सा, कोमल रे, म, प, कोमल ध; म्हणजे गुणकलीचे. चौथी, अंचिहोये, हिला मला आपल्याकडे जोडीदार सापडलेला नाही आणि म्हणूनच ती सगळ्यात जास्त अंगावर येते. पण लगेच 'हा तर आपला भूप' म्हणून टाळी देऊ नका. स्वर तेच असले तरी ठहराव वेगळे, वादी-संवादीचा हिशोब नाही, आणि गळ्यातलं थरथरणं तर अगदीच निराळं. आधी भूप ऐकू येईल, चौथ्या-पाचव्या वेळेला तो विरून जाईल आणि तिझिता उरेल. तिथपर्यंत थांबा.

क्यूबासाठी हातांची मदत घ्या. तिथल्या 'सोन' संगीताचा कणा म्हणजे क्लावे, दोन लाकडी दांड्यांवर वाजणारा ठोका. सोळा मात्रा मोजा आणि १, ४, ७, ११, १३ वर टाळी द्या. तीनतालाच्या टाळ्या हातात बसलेल्या असतील तर सुरुवातीला हात अडखळेल, कारण १ आणि १३ जुळतात आणि मधलं सगळं तिरकं जातं. काही रेकॉर्डवर हीच जोडी उलटी येते, आधी दोन, मग तीन. हे बसल्यावर १९९६ मध्ये हवानात ध्वनिमुद्रित झालेलं 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब' लावा. त्या बैठका मुळात मालीच्या आणि क्यूबाच्या वादकांना एकत्र आणायला ठरल्या होत्या. मालीकर पोचू शकले नाहीत आणि उरलेल्या वेळात हे झालं.

मालीकडे मग तिथूनच वळता येईल: अली फार्का तुरेची गिटार, तुमानी दियाबातेचा 'कोरा' हे एकवीस तारांचं वाद्य. तिथला कोरा वाजवणारा बहुधा घराण्यातला असतो, बापाकडून पोराकडे, म्हणजे ही रीत आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. गोव्याचे वाचक पोर्तुगालच्या 'फादो' गाण्यांवरून सुरुवात करू शकतात. अमालिया रोड्रिग्ज आधी, मग केप व्हर्देची सेझारिया एव्होरा. आजीकडे मांडो ऐकलेला असेल तर फारसं अडणार नाही.

७. आता खरेदी

नवी आयात रेकॉर्ड दोन-तीन हजारांच्या खाली क्वचित मिळते. तेव्हा नियम साधा: ऑनलाइन तीनदा पूर्ण ऐकून झाल्याशिवाय नवी घ्यायची नाही. जुन्या बाजाराला हा नियम लागू नाही, तिथे नशीब.

मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं. चोरबाजारातली मटण स्ट्रीट आहे, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे. जॅझ कमीच निघतो. हिंदी सिनेमे आणि जिम रीव्ह्ज यांच्या ढिगाखालून एखादी एचएमव्हीनं डमडमला छापलेली प्रत वर येते. घाई न करता हे बघा: कव्हर आणि आतली रेकॉर्ड एकच आहे का, ते लेबलवर वाचा, बाजारात सगळ्यात जास्त फसगत इथे होते. मग रेकॉर्ड उजेडात तिरकी धरा. नुसते दिसणारे केसासारखे चरे बहुतेक वेळा ऐकू येत नाहीत. नखाला लागणारा चरा टक-टक करणारच. डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून वाक आहे का पाहा. पांढरे ठिपके असतील तर बुरशी आहे. ती धुऊन बरीचशी जाते, तेव्हा भाव पाडायला उपयोगी.

ऑनलाइन घेताना प्रतवारी जपून वाचा. विक्रेता 'गुड' लिहितो तेव्हा ती रेकॉर्ड वाईट असते. 'व्हीजी प्लस' (व्हेरी गुड प्लस) या प्रतीच्या खाली, फोटोवर विसंबून, जाऊ नये.

आफ्रिकेच्या जुन्या संगीताच्या पुनर्मुद्रणात एक जास्तीची गोष्ट बघा: वादकांची नावं, मूळ कंपनी आणि परवानगी कुणाची, हे कव्हरवर छापलंय का. काहीच नसेल तर बहुधा वादकापर्यंत पैसाही पोचलेला नाही.

८. पावसाळा

परदेशी मार्गदर्शकांत हे नसतं. जून ते सप्टेंबर कोकणपट्टीत कागदी आतली पिशवी ओलावा धरते आणि बुरशी रेकॉर्डवर उतरते. आतल्या पिशव्या पॉलिथीनच्या करा, कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे, रेकॉर्ड उभ्या आणि फार कोंबून नाही. धुवायला डिस्टिल्ड पाणी आणि त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब पुरे. खोबणीच्या दिशेनं मऊ ब्रश, मग साध्या डिस्टिल्ड पाण्यानं पुन्हा, आणि उभी ठेवून वाळवा. लाखेच्या ७८ ला अल्कोहोलचा हातही लावू नका, लाख विरघळते. मे महिन्यात गाडीत रेकॉर्ड ठेवून जेवायला जायचं नाही, हे सांगायला नको.

९. चौघांत

एक वही ठेवा. तारीख, रेकॉर्ड, बाजू, आणि एकच ओळ: काय ऐकू आलं. 'छान' लिहायचं नाही. 'दुसऱ्या धुनेत बास धुनेच्या आधी पोचतो' असं काही.

आणि महिन्यातून एकदा दोघा-तिघांना बोलवा. प्रत्येकानं एकच बाजू आणायची. कव्हर पिशवीतच ठेवायचं, नाव-गाव-साल काही सांगायचं नाही, सुई वर उचलेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग आणणाऱ्यानं सोडून बाकीच्यांनी आधी बोलायचं. चहा बाजू उलटताना.